रस्ता पाहून वाहन, पद पाहून नव्हे

मराठी ग्रामीण कथांत आणि जुन्या चित्रपटांत सरकार गावात येते ते बहुधा जीपमधून. धुरळा दिसला की मुले धावत सुटतात, पाटील टोपी सावरतात आणि तलाठी दप्तर शोधू लागतो. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी पांढरी अँबॅसडर आली, पोलीस आणि वनखात्याकडे १९८५ नंतर जिप्सी आली, आणि २०१४ साली अँबॅसडरचे उत्पादन थांबेपर्यंत तिची जागा उंच, रुंद, डिझेलवर चालणाऱ्या एसयूव्हीने बव्हंशी घेतलेलीही होती. आता तीही बदलण्याची वेळ आली आहे. 'डिझेलची फोर बाय फोर घ्यावी की विजेवरची एसयूव्ही?' हा प्रश्न आज कुटुंबात जसा विचारला जातो तसाच तो शासकीय फाइलवरही येतो. प्रस्तुत लेखात मुख्यतः फाइलवरच्या प्रश्नाचा विचार केला आहे. मात्र घरच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातूनच निघते असे मला वाटते.

याला आधार वित्तीय नियमांतच आहे. २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतील एकविसावा नियम असे सांगतो की, सामान्य विवेकाचा मनुष्य स्वतःचा पैसा खर्च करताना जी दक्षता घेतो तीच दक्षता अधिकाऱ्याने सार्वजनिक पैशाबाबत घ्यावी. नियम जुना, साधा आणि अवघड आहे. अवघड अशासाठी की स्वतःच्या पैशाने वाहन घेताना आपण रस्ता, रोजचे अंतर, डिझेलचा खर्च आणि दुरुस्ती यांचा विचार करतो. शासकीय वाहन घेताना पहिला विचार होतो तो वापरणाऱ्याच्या पदाचा. पदानुसार किमतीची मर्यादा ठरते आणि त्या मर्यादेत बसणारे मोठ्यात मोठे वाहन निवडले जाते. ते कोणत्या रस्त्यावर धावणार आहे, हा स्तंभ विवरणपत्रात सहसा नसतो.

हा प्रश्न आत्ताच इतक्या कार्यालयांत एकदम का उभा राहिला, तेही सांगायला हवे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या शासकीय वाहनांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही. संरक्षण, अंतर्गत सुरक्षा व कायदा-सुव्यवस्था यांसाठीची विशेष वाहने तेवढी वगळली आहेत. त्यामुळे देशभरातील क्षेत्रीय कार्यालयांच्या आवारांत निर्लेखनाच्या प्रतीक्षेत उभ्या असलेल्या गाड्यांची रांग लागली. दुसरीकडे काटकसरीच्या आदेशांनी नव्या वाहनांच्या खरेदीवर वेळोवेळी निर्बंध आले; २०१४ च्या आदेशात निर्लेखित वाहनाच्या बदल्यात तेवढी मुभा होती. परिणामी बरीच कार्यालये मासिक भाडेतत्त्वावर वाहने घेऊ लागली. अशाच एका डोंगराळ भागातील उपकार्यालयांच्या बदली वाहनांचा प्रस्ताव अलीकडे माझ्याकडे अभिप्रायार्थ आला. डिझेल फोर बाय फोरची मागणी करणारी टिपणी आणि विजेच्या वाहनाचा आग्रह धरणारे परिपत्रक, दोन्ही एकाच फाइलवर समोरासमोर होती. दोन्हींत तथ्य होते, आणि दोन्हींत एकाच गोष्टीचा अभाव होता. जुन्या गाडीचे लॉगबुक कोणीही उघडून पाहिले नव्हते.

प्रथम यंत्राविषयी थोडेसे. फोर बाय फोर म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांकडे पोचवण्याची सोय. चिखलात किंवा बर्फात दोन चाके जागच्या जागी फिरू लागली तरी उरलेली दोन गाडी ओढून काढतात. खऱ्या डोंगरी फोर बाय फोरमध्ये 'लो रेंज'चा वेगळा गिअरही असतो. त्यात वेग अगदी कमी होतो पण ओढ कित्येक पटींनी वाढते. सेवेतील काही वर्षे मी ईशान्येकडील एका डोंगराळ राज्यात काढली. तेथील एका वयस्क चालकाने पहिल्याच आठवड्यात मला ऐकवले होते की, गाडी चढेल की नाही याची काळजी नवखे करतात, जाणता मनुष्य ती उतरताना थांबेल की नाही ते पाहतो. ते अक्षरशः खरे आहे. फोर बाय फोरमुळे गाडीला ओढ मिळते, ब्रेक मिळत नाही. बर्फाळ उतारावर जीव वाचवतात ते चांगले टायर, चाकांना बांधलेल्या साखळ्या आणि चालकाचा संयम.

विजेच्या वाहनाविषयी मैदानी भागातच नव्हे, डोंगरातही काही चांगल्या गोष्टी सांगता येतात. विजेच्या मोटारीला पूर्ण ओढ शून्य वेगापासून मिळते, त्यामुळे चढावर गाडी सुरू करणे सोपे जाते. विरळ हवेत इंजिन दमते, मोटार दमत नाही. लांब उतारावर मोटार जनित्रासारखी उलट काम करून बॅटरीत वीज परत भरते आणि ब्रेकवरचा ताणही कमी करते. बीएस-६ मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाल्यावर डिझेल गाड्यांत धुरातील कण अडवणारी गाळणी आली. ती स्वच्छ राहण्यासाठी गाडी अधूनमधून सलग आणि बऱ्या वेगाने चालावी लागते. घाटातल्या रडतखडत फेऱ्यांत तसे घडत नाही, गाळणी तुंबते आणि गाडी कार्यशाळेत जाते. चारही चाकांना ओढ देणारी भारतीय बनावटीची विजेची एसयूव्ही तीस लाखांच्या आत मिळत नाही, ही तक्रारही जून २०२५ मध्ये हॅरियर ईव्ही बाजारात आल्यावर संपली.

याउलट थंडी ही विजेच्या वाहनाची खरी शत्रू आहे. शून्याखालच्या तापमानात पल्ला एक-तृतीयांशाने किंवा त्याहूनही अधिक घटू शकतो, आणि गारठलेली बॅटरी आधी उबदार केल्याशिवाय तिच्यात वीज भरणे हिताचे नसते. डिझेललाही थंडी बाधते, हे मात्र न्यायाने सांगितले पाहिजे. साध्या डिझेलमध्ये मेण धरते, म्हणून तर लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल नोव्हेंबर २०१९ मध्ये आणावे लागले. हिमाचलात ऑक्टोबर २०२० मध्ये खुल्या झालेल्या अटल बोगद्याच्या पलीकडे बर्फ पडू लागला की पोलीस बहुधा फोर बाय फोर वाहनांनाच पुढे सोडतात. अशा जागी कोणते वाहन हवे यावर वाद नाही. वाद आहे तो इतका की अशा जागा किती, आणि त्या वर्षातून किती दिवस तशा असतात.

आता हिशेब. खालील आकडे मी गृहीत धरले आहेत. वाचकांनी आपापले आकडे घालून पाहावेत. डिझेल फोर बाय फोरची किंमत २४ लाख आणि चारही चाकांच्या विजेच्या एसयूव्हीची २९ लाख धरू. फरक पाच लाखांचा. डिझेल ९० रुपये लिटर आणि गाडी लिटरला १२ किलोमीटर, म्हणजे किलोमीटरमागे साडेसात रुपये. विजेची गाडी चार्जिंगमधील गळती धरून युनिटला पाच किलोमीटर. कार्यालयाच्या जोडणीवर ९ रुपये युनिट, म्हणजे किलोमीटरमागे १ रुपया ८० पैसे. बचत सुमारे ५ रुपये ७० पैसे. महिन्याला २,००० किलोमीटर फिरणारी गाडी वर्षाला सुमारे १ लाख ३७ हजार रुपये वाचवते, आणि जास्तीच्या पाच लाखांवर सात टक्के व्याज धरले तरी ते साडेचार वर्षांच्या आत वसूल होतात.

तीच गाडी महिन्याला ८०० किलोमीटरच फिरली तर? वर्षाची बचत ५५ हजारांच्या आसपास येते, त्यातले पहिल्या वर्षी ३५ हजार व्याजातच जातात, आणि पाच लाख वसूल व्हायला पंधरा वर्षे लागतात. म्हणजे गाडी भंगारात निघते त्याच वर्षी हिशेब बरोबरीत येतो. गाडी २,००० किलोमीटर फिरते पण कार्यालयात चार्जर नाही आणि २० रुपये युनिटच्या सार्वजनिक चार्जरवर विसंबावे लागते, असे असेल तर वसुलीला साडेचार वर्षांऐवजी आठ वर्षे लागतात.

या साध्या त्रैराशिकातून एक अनपेक्षित निष्कर्ष निघतो. विजेचे वाहन सर्वांत परवडते ते भरपूर, पण ठरावीक मार्गावर फिरणाऱ्याला. राजधानीत घर ते कार्यालय, कार्यालय ते बैठक आणि परत, असे दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर फिरून उरलेला वेळ आवारात उभी राहणारी एका अधिकाऱ्याची गाडी विजेची करून तिजोरीचा फारसा फायदा होत नाही. तीच गाडी चार अधिकाऱ्यांत सामायिक केली तर होतो. 'आम्ही विजेकडे वळलो' असे म्हणणे सोपे आहे. 'माझी गाडी आता माझी एकट्याची नाही' असे म्हणणे अवघड.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे आणखी एक पान उलटायला हवे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या डिझेल एसयूव्हीवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे आणि विजेच्या वाहनावर ५ टक्के. खासगी ग्राहकाच्या दृष्टीने कर हा खर्चच. पण शासन स्वतः वाहन घेते तेव्हा कर म्हणजे एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेले पैसे. कर वगळला तर २४ लाखांच्या डिझेल गाडीची मूळ किंमत १७ लाखांच्या थोडी वर, आणि २९ लाखांच्या विजेच्या गाडीची साडेसत्तावीस लाखांच्या आसपास येते. फरक पाच लाखांचा राहत नाही, दहा लाखांच्या पुढे जातो. डिझेलच्या दरातही उत्पादन शुल्क आणि राज्याचा मूल्यवर्धित कर आहेच. तात्पर्य, केवळ तिजोरीच्या नजरेने पाहिले तर विजेची बाजू प्रचारात दिसते तितकी भक्कम नाही. ती भक्कम करायची तर तराजूच्या दुसऱ्या पारड्यात डिझेलचा समाजावर पडणारा भार ठेवावा लागतो.

तो भार खरा आहे. आपण लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक आयात करतो. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये मानवी कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. कर्बवायूचा हिशेब मात्र विनम्रपणे मांडावा. लिटरभर डिझेल जाळले की सुमारे २.७ किलो कर्बवायू निघतो, म्हणजे आपल्या गाडीचा किलोमीटरमागे सव्वादोनशे ग्रॅम. आपल्या राष्ट्रीय वीजजाळ्यातील एका युनिटमागे आजही सातशे ग्रॅमहून थोडा अधिक कर्बवायू निघतो, म्हणजे विजेच्या गाडीचे किलोमीटरमागे दीडशेच्या आसपास, आणि तारांतील गळती धरली तर पावणेदोनशेच्या जवळ. बचत साधारण चतुर्थांशाची. ती मोलाची आहे आणि जाळ्यात सौर व जलविद्युत वाढेल तशी वाढत जाईल, पण 'शून्य प्रदूषण' ही पाटी गाडीच्या पाठीवर लावण्याइतकी नाही. खरा लाभ आहे तो धूर कोठे निघतो याचा. औष्णिक केंद्राचा धूर आणि शाळेच्या फाटकाशी इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या गाडीचा धूर, दोन्ही वाईट. पण दुसरा थेट मुलाच्या छातीत जातो. म्हणून विजेच्या वाहनाचा सामाजिक लाभ दाट वस्तीच्या शहरात सर्वांत अधिक आणि विरळ वस्तीच्या डोंगरात सर्वांत कमी असतो.

दिल्लीकर वाचकांना डिझेलचा इतिहास मी सांगायला नको. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१५ मध्ये दहा वर्षांवरील डिझेल वाहनांना राजधानी परिसरात मनाई केली. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,००० सीसी व त्यावरील डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली आणि ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का पर्यावरण आकार लावून ती पुन्हा खुली केली. दहा वर्षांची मर्यादा ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उचलून धरली. जुलै २०२५ मध्ये जुन्या गाड्यांना पंपावर इंधन नाकारण्याचा प्रयोग सुरू होऊन काही दिवसांतच थांबला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने कठोर कारवाईला आवर घातला आणि डिसेंबर २०२५ मध्ये तो दिलासा बीएस-४ व त्यापुढच्या वाहनांपुरताच ठेवला. ज्या वाहनाचे आयुष्य दर दोन वर्षांनी न्यायालयाच्या तारखेवर ठरते त्याची किंमत पंधरा वर्षांत विभागणे धाडसाचे आहे. आणि दिल्लीने नाकारलेली गाडी ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन दुसऱ्या राज्यात जाते, तेव्हा धूर संपत नाही, त्याचा पत्ता बदलतो.

आता आपत्तीचा मुद्दा. माझ्या मते या प्रश्नाचे मर्म येथे आहे. डोंगरात रस्ता आणि वीज ही दोन वेगवेगळी संकटे नसतात. ज्या दरडीखाली रस्ता जातो तिच्याखालीच विजेचा खांब जातो. ४ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक सरोवर फुटून तीस्तेला पूर आला, तेव्हा चुंगथांग येथील तीस्ता-३ प्रकल्पाचे १,२०० मेगावॉटचे धरणच वाहून गेले. पूल गेले आणि महामार्गाचे तुकडे झाले. अशा दिवशी चार्जरवर विसंबलेले कार्यालय दुसऱ्या दिवशी जागीच बसते, आणि पिंपात डिझेल राखून ठेवलेले कार्यालय निदान पुढच्या तुटलेल्या पुलापर्यंत जाऊ शकते. रुग्ण, गर्भवती, लशींच्या पेट्या, शिधा यांच्यासाठी ते 'निदान' फार मोठे असते. ३० जुलै २०२४ रोजी वायनाडमध्ये मुंडक्कई आणि चूरलमला येथे दरडी कोसळल्या तेव्हाही लष्कराने बेली पूल उभारला आणि त्यावरून व चिखलातून ये-जा करायला फोर बाय फोर जीपच उपयोगी पडल्या. विजेची गाडीही अशा वेळी अगदीच निरुपयोगी नसते. तिच्या बॅटरीवर आरोग्य केंद्रातला लशींचा फ्रिज चालवता येतो. पण फ्रिज चालवला तर गाडी चालवायची कशावर, हा प्रश्न उरतोच.

म्हणून फोर बाय फोरकडे मी विम्याप्रमाणे पाहतो. वर्षातील दहा दिवसांसाठी ती अमूल्य आहे, उरलेल्या दिवसांसाठी महाग. असा विमा प्रत्येकाने स्वतंत्र उतरवायचा नसतो, सर्वांनी मिळून उतरवायचा असतो. खोऱ्यातील पाच कार्यालयांनी पाच फोर बाय फोर घेऊन त्यातल्या चार पक्क्या डांबरी रस्त्यावर भाजी आणायला फिरवण्यापेक्षा, उत्तम टायर, साखळ्या, दोर आणि कसलेला चालक यांसह दोन गाड्या आपत्ती व्यवस्थापनाकडे सज्ज ठेवणे शहाणपणाचे. शिवाय आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ मध्ये खासगी वाहने अधिग्रहित करण्याची तरतूद आहे. निवडणुकीसाठी तशी तरतूद लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १६० मध्ये आहे. स्थानिक जीपवाल्यांची यादी आणि त्यांचे ठरलेले दर पावसाळ्यापूर्वी तयार असतील तर शासनाच्या दारात जीपांचा ताफा उभा असण्याची गरज नाही.

याला आक्षेप येईल आणि तो योग्यच आहे. सामायिक गाडी म्हणजे बारभाईंचा कारभार. वेळेला ती नेमकी दुसऱ्याच्या दौऱ्यावर असते, टाकी रिकामी असते, पंक्चर कोणी काढायचे यावर पत्रव्यवहार चालू असतो. हे मी नाकारत नाही. पण हा दोष सामायिकतेचा नाही, तिला मालक न नेमण्याचा आहे. अग्निशमन दलाचा बंबही सामायिकच असतो. तो लग्नाच्या वरातीला कोणी नेत नाही, कारण त्याची जबाबदारी एकाच्या नावावर असते.

आणखी एक गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली एक विचार मांडला. सार्वजनिक सेवा बिघडली की लोकांपुढे दोन वाटा असतात, एक ती सोडून जाण्याची आणि दुसरी तिच्याविषयी बोलण्याची. ज्यांना सोडून जाणे परवडते ते बोलत नाहीत, आणि मागे राहतात त्यांच्या बोलण्याला वजन नसते. साहेबांची फोर बाय फोर ही खराब रस्ता सोडून जाण्याची वाट आहे. जी गाडी खड्ड्यावरून अलगद जाते तिच्यात बसलेल्याच्या दौरा-अहवालात खड्डा येत नाही. त्याच रस्त्यावरून आशा कार्यकर्ती भाड्याच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून जाते, तिच्या अहवालात रस्त्यासाठी रकानाच नसतो. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना डिसेंबर २००० मध्ये सुरू झाली. तिच्या रस्त्यांवर काही वर्षे त्यांचे पाहणी अधिकारी साध्या गाडीतून फिरले असते तर देखभालीचा प्रश्न लवकर ऐरणीवर आला असता, असे मला कित्येकदा वाटले आहे.

विजेच्या वाहनाचे एक समर्थन, जे कोणत्याही परिपत्रकात मी वाचलेले नाही, ते याच विचारातून निघते. विजेची गाडी अधिकाऱ्याला गावाच्या तारेशी बांधते. तालुक्याची वीज रात्री आठ तास जात असेल तर सकाळी साहेबांची गाडी निघणार नाही, आणि मग रोहित्राची दुरुस्ती हा त्यांचाही प्रश्न होईल. डिझेलचे पिंप आणि जनरेटर यांनी आजवर शासनाला त्या अंधारापासून सुरक्षित ठेवले. रोजच्या कामात ती सुरक्षितता थोडी कमी झाली तर लोकांचे नुकसान नाही, आपत्तीत ती राहिली पाहिजे.

मग असे होत का नाही? कारण लेखाशीर्षांत आहे. वाहनाची जादा किंमत भांडवली खर्चातून जाते, डिझेलची बचत इंधनाच्या शीर्षात दिसते, चार्जरची वीज कार्यालयीन खर्चात मिसळते. एकाने बचत करायची, तिचे श्रेय दुसऱ्या शीर्षाला आणि वाढलेल्या वीजबिलाचा जाब तिसऱ्याला. गाडी भाड्याची असेल तर निवड गाडीमालक करतो. करार वर्षा-दोन वर्षांचा असतो, तेवढ्या मुदतीत विजेच्या गाडीचे जादा पैसे वसूल होत नाहीत, आणि न्यूनतम दराच्या निविदेत जुनी डिझेल गाडीच जिंकते. २०१७ मध्ये केंद्राने एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेसमार्फत १०,००० विजेच्या मोटारींची निविदा काढली, तेव्हा भाडेतत्त्वाची कल्पना चांगली होती. पण त्या गाड्यांचा पल्ला तोकडा होता आणि चार्जरचे जाळे मागाहून यायचे होते. गाडी आधी आणि चार्जर नंतर, हा क्रम बैलापुढे गाडी जुंपण्यासारखा आहे.

सरसकट आदेशाचा मार्गही मला पुरेसा वाटत नाही. महाराष्ट्र शासनाने १ जानेवारी २०२२ पासून नवी शासकीय वाहने विजेवरचीच घेण्याचा निर्णय जाहीर केला. मुंबई-पुण्याच्या दृष्टीने दिशा योग्यच होती. पण दर पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने तुटणाऱ्या भामरागडला आणि मंत्रालयाच्या आवाराला एकच तारीख लावता येत नाही. उलट भामरागडचा दाखला देऊन मंत्रालयासमोर डिझेलचा ताफा उभा ठेवणेही तितकेच अप्रामाणिक.

म्हणून त्या फाइलवर मी पुढीलप्रमाणे अभिप्राय दिला. पहिले, जुन्या गाडीच्या एका वर्षाच्या लॉगबुकावरून मार्ग, रोजचे अंतर आणि रस्ता बंद असलेले दिवस यांचा तक्ता करावा. तो जोडल्याशिवाय प्रस्ताव पुढे जाऊ नये. दुसरे, जे मार्ग ठरावीक आहेत आणि संध्याकाळी गाडी मुक्कामी परत येते तेथे विजेचे वाहन घ्यावे. चार्जर आणि पुरेशा भाराची वीजजोडणी यांची मंजुरी वाहनाच्याच फाइलवर, वाहनाच्या आधी असावी. तिसरे, भाड्याच्या वाहनांचे करार किमान चार-पाच वर्षांचे आणि किलोमीटरच्या एकूण खर्चावर बेतलेले असावेत. चौथे, जेथे बर्फ, चिखल किंवा नदीपात्र ओलांडणे हे नित्याचे आहे तेथे कनिष्ठातल्या कनिष्ठ पथकालाही डिझेल फोर बाय फोर द्यावी, आणि जेथे नाही तेथे वरिष्ठातल्या वरिष्ठालाही देऊ नये. हा चौथा मुद्दा फाइलवर सर्वांत अधिक अडेल याची मला कल्पना आहे, कारण तो इंधनाचा नसून मानाचा आहे.

घराबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हाच हिशेब लागू पडतो. दिल्ली, इंदूर, हैदराबाद येथे स्थायिक झालेले अनेक परिचित सांगतात की, वर्षातून एकदा गावी जायचे असते, म्हणून मोठी डिझेल गाडीच बरी. दिल्लीहून पुण्याचे अंतर चौदाशे किलोमीटरच्या पुढे आहे. वाटेत दोन-तीनदा चार्जिंगसाठी तासतासभर थांबण्याचा कंटाळा मी समजू शकतो. पण वर्षातील तीन-चार दिवसांच्या गरजेसाठी उरलेल्या तीनशे साठ दिवसांचे वाहन ठरवणे हे, पाहुणे दिवाळीत येतात म्हणून वर्षभर दहा खोल्यांचे घर भाड्याने घेण्यासारखे आहे. गावी जाण्यासाठी रेल्वे आहे, भाड्याची गाडी आहे. याउलट जो डेहराडूनला किंवा शिलाँगला राहतो, दर आठवड्याला कच्च्या वाटेने वर जातो आणि ज्याच्या इमारतीत चार्जर बसवायला सोसायटीची परवानगी मिळत नाही, त्याने कोणाच्या आग्रहाला बळी न पडता डिझेलची फोर बाय फोर घ्यावी आणि नीट सांभाळावी.

अखेर वाहनाची एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. अरुणाचलातील अंजाव जिल्ह्यात मालोगाम येथे २०१९ आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत एकाच मतदारासाठी मतदान केंद्र उभारले गेले. मतदान पथक तेथे गेले ते शेवटी पायीच. चाके कोणत्याही इंधनावर फिरोत, ती एका ठिकाणी थांबतात आणि पुढचे राज्य माणसाच्या पायांवर चालते. वाहनाने एवढेच करायचे आहे की त्या पथकाला त्या ठिकाणापर्यंत सुखरूप, वेळेवर आणि जनतेच्या पैशाचा मान राखून पोचवायचे. त्या पथकाला आज जी गाडी मिळते तिची अवस्था आणि आपल्या दारातल्या गाडीची अवस्था यांची तुलना प्रत्येक अधिकाऱ्याने एकदा करून पाहावी. एकविसाव्या नियमाचे पालन होते की नाही, हे कळायला त्याहून अधिक लेखापरीक्षणाची गरज पडणार नाही.